पायाचं माप

माधव नगर, उज्जैन
६ एप्रिल १९९२

चि. सौ. जयूस अण्णाचे आशीर्वाद.

तुझ्या गुडघ्याची चौकशी मी करणार नव्हतो. पण अनसूया म्हणाली, धाकटी बहीण आहे, पत्राची सुरुवात तरी बरी करा. तेव्हा तुझा गुडघा कसा आहे? माघात चिन्मयच्या लग्नाला ज्याने तुला सांगलीहून हलू दिलं नाही, तोच. व्याही विचारत होते, मुलाची आत्या कुठे आहे? मी म्हटलं, तिचा गुडघा यायला तयार नव्हता, म्हणून तीही थांबली. मी रागावलेलो नाही. फक्त लक्षात ठेवलं आहे.

इकडे सिंहस्थाची धामधूम आहे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून मला वेळच वेळ. फ्रीगंजमध्ये दर चौथ्या दुकानाचा एसटीडी बूथ झाला आहे, पण तिथे मीटरकडे बघत बोलावं लागतं आणि मला बहिणीशी घाईत भांडता येत नाही. देशाची दारं उघडली म्हणतात. आमच्या लोखंडी कपाटाचं दार मात्र गेल्या आठवड्यात उघडेना, कारण चाबी हरवली. अख्खं घर पालथं घातलं. नवी सून ईरा बिचारी गाद्या उलटत होती आणि सगळे तिच्याकडे न बघितल्यासारखं करून बघत होते. संध्याकाळी मी फिरून आलो, बूट काढला, तर चाबी मोज्याला चिकटलेली! म्हणजे दिवसभर मी तिच्यावरच उभा होतो. तळव्यावर असा छाप उठला होता की ईराने त्यावरून कंपनीचं नाव वाचून दाखवलं. खूप हसलो. विसरभोळेपणाची कमाल.

दुसरी गोष्ट मोठी आहे. महाकालाच्या आवारात दुपारी फरशी तव्यासारखी तापते. लोक एका पायावरून दुसऱ्यावर उड्या मारत पळतात. मी मागच्या आठवड्यात हात मागे बांधून सावकाश चालत गेलो. मला काहीही झालं नाही. फुलवाला म्हणाला, "बाबूजी पे तो बाबा की किरपा है." दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तीच गत. आता रोज दुपारी जातो. लोक बघायला थांबतात, पण तो काही माझा दोष नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची पार्सलं पोचवली, आता माझ्या नावाचं काही तरी आलं असं वाटतं.

म्हणून ठरवलं आहे, यंदा पंचक्रोशी करायची. शहराभोवतीची पाच दिवसांची वाट, अनवाणी. वैशाख वद्य दशमीला निघतात, तुमच्या पंचांगात तेव्हा चैत्रच चालू असतो, पण ऊन तेच आहे. डॉक्टर साखर आहे म्हणतात आणि गोळ्या देतात. आठवेल तेव्हा घेतो.

विलासरावांना नमस्कार.
अण्णा

*

सांगली
१३ एप्रिल १९९२

ती. अण्णास सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून मला हसू आलं नाही. चाबीपाशीसुद्धा नाही. विलास म्हणाले, तुझ्या अण्णाने विनोद चांगला केला आहे. मी म्हटलं, त्याला तो विनोद आहे असं वाटतंय हेच तर वाईट आहे.

आमच्या शेजारी शोभाताई म्हणून आहेत. बऱ्याच वर्षांची साखर. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या चपलेत चिंचोका अडकला आणि त्या सबंध दिवस तो घेऊन घरभर हिंडल्या. स्वयंपाक केला, बाजारात जाऊन आल्या. पत्ता नाही. तळव्याला फोड आला, तो फुटला, जखम झाली. दुखत नव्हतं म्हणून कुणाला बोलल्या नाहीत. दुखणं म्हणजे दारातलं राखणीचं कुत्रं असतं रे. ते भुंकायचं थांबलं म्हणजे चोर येणं बंद झालं असं नव्हे. पुढे त्यांची दोन बोटं काळी पडली आणि काढावी लागली.

अण्णा, फरशी लागत नाही ही कृपा नाही. साखरेने पायाच्या नसा मेल्या आहेत. फुलवाल्याला काय जातं सांगायला.

दोन गोष्टी कर. आरसा जमिनीवर ठेवून रोज तळवा बघ. आणि डोळे मिटून बस, वहिनींना कापसाचा बोळा तळव्याला लावायला सांग, कळतं का बघ. पंचक्रोशी करायचीच तर टांग्यात बसून कर. महाकाल काही पायांची तपासणी करत नाही.

माझ्यावर रागावलेला राहा, चालेल. पण अनवाणी जाऊ नकोस. मला खरंच भीती वाटते आहे.

जयू

ता. क. गुडघा तसाच आहे.

*

उज्जैन
२० एप्रिल १९९२

चि. जयूस आशीर्वाद.

तुझ्या आज्ञेप्रमाणे दोन्ही परीक्षा दिल्या. आरसा जमिनीवर ठेवून स्वतःचा तळवा बघणं हे साठी उलटलेल्या माणसाचं काम नाही. मला त्यात मुख्यतः छत दिसलं. पंख्याला जाळी लागली आहेत, ती अनसूयेला दाखवली. ती म्हणाली, तळव्याचं बघा. तळवा तळव्यासारखाच होता.

कापसाची परीक्षा मी पहिल्या नंबराने पास झालो. डोळे मिटून बसलो, ती कापूस लावत गेली, मी हो म्हणत गेलो. एकदाही चुकलो नाही. अनसूयेला विचार.

तुझ्या शोभाताईंबद्दल वाईट वाटतं. पण त्या चिंचोक्याच्या गावात राहतात, मी महाकालाच्या. आणि सगळ्या आळीला सांगून झालं आहे. मागच्या गल्लीतले तिवारी पाया पडून गेले. आता मी टांग्यात बसलो तर ते पाया पडणं परत कसं करायचं? पुढच्या मंगळवारी पहाटे निघतो.

तुला एवढी काळजी असेल तर स्वतः येऊन अडव. सिंहस्थ आहे, गुडघ्यालाही पुण्य लागेल.

अण्णा

वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून खाली चार ओळी लिहिते. मी कापूस लावलाच नव्हता. पुडा उघडत होते तेवढ्यात यांचं पहिलं "हो" आलं. मग मी हात मांडीवर ठेवून बसले आणि हे आपले हो, हो म्हणत राहिले. मला रडू आलं. यांचे डोळे मिटलेले होते म्हणून बरं. डोळे उघडल्यावर सांगितलं, तर म्हणाले, तुला लावता येत नाही. तुम्हीच काही तरी करा. तुमचं एक ऐकतात. म्हणजे निदान उत्तर तरी देतात. — अनसूया

*

उज्जैन
११ मे १९९२

सौ. जयूवन्सं यांस नमस्कार.

तुमचं पत्र आलं, पण हे निघून गेल्यावर. हातात पडलं तेव्हा हे पिंगळेश्वरचा पहिला मुक्काम करून पुढे निघालेले होते.

झालं ते असं. करोहनच्या वाटेवर मागून येणाऱ्या एका खेड्यातल्या बाईने हाक मारली, "ओ बा साब, तमारा पग से खून निकली रियो हे." हे वळून म्हणाले, रक्त कसलं, कुणाचा तरी गुलाल सांडला असेल. ती म्हणाली, गुलाल तुमच्याच पावलापुरता कसा सांडेल? तरी हे चालतच राहिले. शेवटी तिने आणि तिच्या सोबतिणींनी यांना धरून झाडाखाली बसवलं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून परत पाठवलं. मोठ्या मनाच्या बायका. नावसुद्धा विचारायचं राहिलं.

दोन्ही तळवे भाजून सोलले होते. उजव्यात बाभळीचा काटा पार आत. डावा भरत आला. उजव्याचा अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलं. परवा फ्रीगंजच्या दवाखान्यात दोन्ही काढली.

आता खरं सांगते. बोटं गेली त्याचं मला एवढं काही नाही. पण हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. ड्रेसिंगला पाय देत नाहीत. चादर पायावरून काढू देत नाहीत. तिवारी भेटायला आले तर झोपेचं सोंग घेतलं. डॉक्टर म्हणतात, जखम धुतली नाही आणि साखर उतरली नाही तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. हे ऐकून यांनी चादर आणखी ओढून घेतली. बोलणारा माणूस गप्प झाला की घर फार मोठं वाटतं.

तुमच्या शोभाताईंनी हे दिवस कसे काढले, ते लिहाल का? यांना वाचून दाखवीन.

अनसूया

*

सांगली
१८ मे १९९२

ती. अण्णास,

वहिनी हे वाचून दाखवतील. तू भिंतीकडे तोंड करून ऐकलंस तरी चालेल, कान भिंतीत नसतात.

शोभाताईंनी तर भिंतसुद्धा सोडली नव्हती. खाट अशी फिरवून घेतली की खोलीत येणाऱ्याला त्यांची पाठच दिसावी. नवऱ्याला पाय दाखवला नाही. नर्स आली की त्या उशी तोंडावर घ्यायच्या आणि नवऱ्याला बाहेर काढायच्या. त्यांची डाव्या पायाची दोन बोटं गेली, त्यांतलं एक जोडव्याचं. आता बाईमाणसाचं जोडव्याचं बोट गेलं की काय होतं ते तुला कळायचं नाही. समारंभात बायका आधी पायाकडे बघतात आणि मग हळूच नवऱ्याची चौकशी करतात. त्या कुठे जाईनाशाच झाल्या. दुसऱ्यांच्या मंगल कार्यात आपला पाय कशाला, म्हणायच्या. नवरा म्हणाला, मी आहे याची खूण जोडव्यात कशाला हवी, रात्री घोरतो ती पुरे नाही का? त्या हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पाय पुढे केला.

त्यांच्या नवऱ्याने स्वतः जखम धुतली. पहिल्या दिवशी त्याच्या हातून तांब्या दोनदा सांडला. तिसऱ्या दिवशी तो धुता धुता भाजीचा भाव सांगत होता. शोभाताई म्हणतात, त्या दिवशी आपण बऱ्या होणार असं त्यांना पहिल्यांदा वाटलं.

अण्णा, गेलेली दोन बोटं आता तुझं ऐकणार नाहीत. राहिलेल्या पायाशी तरी बोल. वहिनींना चादर काढू दे. तुला एक पाय नसलेला पाहायची माझी तयारी नाही. तू चिडका असलास तरी सबंध हवा आहेस.

जयू

*

उज्जैन
२ जुलै १९९२

चि. जयूस आशीर्वाद.

मी स्वतः लिहितो आहे. पार्सल ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर माल पोचला, दोन नग कमी. जखम भरत आली. डॉक्टर म्हणतात, पाय वाचला. ते माझ्यापेक्षा अनसूयेकडे बघून असं म्हणाले.

तुझं पत्र तिने चार वेळा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, पुरे, काढ चादर. तिच्या हातून तांब्या सांडला नाही. ती पहिल्याच दिवशी भाव सांगू लागली, तेही भेंडीचे. आता रोज सकाळी ती पाय धुते आणि ईरा माझं भिंग घेऊन तळवा तपासते. चाबीच्या वेळी आम्ही जिच्याकडे बघत होतो, तीच. परवा तिला एक लाल ठिपका दिसला, तर घर डोक्यावर घेतलं. कुंकू निघालं. गोळ्या घेतो, सुईही घेतो. चहा बिनसाखरेचा, त्याबद्दल काही लिहीत नाही.

तुला एक सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. बोटांपेक्षा मला त्या फरशीचं जास्त लागलं. तीन-चार आठवडे मला वाटत होतं, मी कुणी तरी आहे. मग कळलं, मी फक्त आजारी होतो. भिंतीकडे तोंड करून मी हेच बघत होतो. आणि भीती वाटते, जयू. उद्या कशावर पाय पडेल आणि मला कळणार नाही, याची. पूर्वी न कळण्याचा गर्व होता, आता त्याचीच भीती आहे.

शोभाताईंना विचार, ही भीती पुढे जाते का? आणि त्यांना माझा नमस्कार सांग. त्या बाईंमुळे माझा पाय राहिला.

अण्णा

*

सांगली
११ जुलै १९९२

ती. अण्णास सा. नमस्कार.

तुझं अक्षर बघून आधी रडले, मग वाचलं. विचारलं शोभाताईंना. म्हणाल्या, भीती जात नाही, पण तिचा उपयोग होतो. चप्पल घालण्याआधी ती झटकायला तीच आठवण करते.

नमस्कार पोचवला. त्यांना फार बरं वाटलं.

जयू

*

उज्जैन
१८ सप्टेंबर १९९२

चि. जयूस आशीर्वाद.

एक आनंदाची बातमी. मला बूट झाले. फ्रीगंजमध्ये परदेशी दिसणाऱ्या बुटांचं एक झगझगीत दुकान निघालं आहे. आधी चिन्मय मला तिथे घेऊन गेला. त्यांच्याकडे सगळं होतं, दोन बोटं कमी असलेला पाय सोडून. मग डॉक्टरांनी पुलाजवळच्या बाबूलाल मोच्याकडे पाठवलं. त्याने कोऱ्या कागदावर पाय ठेवायला लावला, पेन्सिलीने भोवती रेघ मारली आणि त्या रेघेवर बूट केले. आत मऊ रबर, शिवण कुठे टोचत नाही, बोटांच्या रिकाम्या जागी कापडाची गादी. डॉक्टरांच्या हुकमाने घरातही हे घालूनच फिरतो. देवघराच्या दाराशी अनसूया डोळे मिटून घेते.

भाऊबीज महिन्यावर आली. तुझ्या गुडघ्याचा विचार करून मी ठरवलं आहे, यंदा ओवाळणीत असल्याच मऊ चपला. बाबूलाल म्हणतो, गुडघ्यालाही आराम पडतो. अनसूया म्हणते, भावाने बहिणीला चपला देऊ नयेत, लोक काय म्हणतील! मी म्हटलं, लोकांचं ऐकून मी फरशीवर चाललो होतो.

कोऱ्या कागदावर दोन्ही पाय ठेवून भोवती रेघ मार आणि पाठव.

अण्णा

*

सांगली
२६ सप्टेंबर १९९२

ती. अण्णास सा. नमस्कार.

बुटांचं वाचून आनंद झाला. माझ्याकडे चपला पुष्कळ आहेत. माप कशाला, बाजारातला पाच नंबर मला होतो. खरं तर ओवाळणीत साडी दे, रंग वहिनींना निवडू दे.

जयू

*

उज्जैन
३ ऑक्टोबर १९९२

चि. जयू,

साडी मिळणार नाही. लग्नाला आली नाहीस, सिंहस्थाला आली नाहीस, दवाखान्यात असताना आली नाहीस. मी काही बोललो नाही. म्हणजे बोललो, पण कमी. आता दोन पायांची रेघ मागतो आहे, तीही तुला जड झाली? गुडघा दुखत असेल तर विलासरावांना सांग. पेन्सिल त्यांच्याकडे असेलच.

अण्णा

*

सांगली
१० ऑक्टोबर १९९२

ती. अण्णास सा. नमस्कार.

सोबत माप आहे. रेघ विलासनी मारली. डाव्या पायाशी पेन्सिल हललेली नाही, ते तसंच आहे.

आमच्या शेजारी शोभाताई नावाचं कुणी राहत नाही. शेजारी हळदीची वखार आहे.

चिन्मयच्या लग्नाच्या आधी, पौषात, बोटं काढली. गुडघा पहिल्यापासून ठणठणीत आहे. आत्या म्हणून पुढे उभं राहायचं, हळद लावायची, वाकायचं, आणि सगळ्यांच्या नजरा पायाकडे. मला जमलं नसतं. तुला कळवलं असतं तर तू लग्न सोडून आला असतास. एकदा लपवल्यावर पुढे सांगायला जागाच सापडेना. तुला ऐकवायचं होतं म्हणून शोभाताईंना शेजारी आणून ठेवलं. त्या माझ्यापेक्षा धीट होत्या.

आता चपला करायच्या की नाही, ते तू बघ.

जयू

*

उज्जैन
१८ ऑक्टोबर १९९२

चि. सौ. जयूस अण्णाचे खूप आशीर्वाद.

कागद मी खुर्चीसमोर जमिनीवर पसरला. अनसूया आली, बघितलं आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. मग मी माझा उजवा पाय बुटातून काढून तुझ्या डाव्याच्या शेजारी ठेवला. कागदावर जागा होती. मला खूप रडू आलं, ते लपवत नाही. आपल्या घरात लपवणं पुरे झालं. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो तेव्हा माझ्याकडे अख्खं घर बघत होतं. तू तिथे एकटी पडून होतीस आणि वर माझे टोमणे वाचत राहिलीस.

दुसऱ्या दिवशी कागद बाबूलालकडे नेला. त्याने तो उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. म्हणाला, "बाबूजी, कागज कहीं से फट गया क्या? बहनजी का नाप अधूरा आया है."

मी म्हटलं, "नहीं भैया, नाप पूरा है. इसी पे बनाओ."

चपला तयार आहेत. पोस्टाने पाठवणार नाही, पार्सलांचं काय होतं ते मी आयुष्यभर पाहिलं आहे. मी आणि अनसूया भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सांगलीला पोचतो. मला पाटावर बसता येत नाही, खुर्ची लागेल, आणि ओवाळताना पायात बूट असतील. तुझ्याही पायात चपला असू देत. विलासरावांना सांग, त्या दिवशी त्यांनी डोळे मिटून घ्यावेत. सकाळी तुझे तळवे अनसूया बघेल, माझे तू बघ.

शोभाताईंना सोडू नकोस. भल्या बाई आहेत.

आणि तुझ्या गुडघ्याला माझा नमस्कार सांग. बिचाऱ्याला मी वर्षभर उगाच बोल लावला.

अण्णा